चेहऱ्यावरची चव

"व्हिनेगर आज जरा पुढे आलंय," तो म्हणाला आणि काट्याला टोचलेलं सॅलडचं पान अर्धंच खाऊन त्यानं काटा ताटलीच्या कडेला टेकवला.

"हो का? घाईत झालं," ती सवयीनं म्हणाली. त्या टेबलावर ही दोन वाक्यं इतक्या वेळा बोलली गेली होती की ती बोलताना दोघांपैकी कुणालाच तोंडातला घास थांबवावा लागत नसे. ती पाण्याचा जग भरायला उठली आणि ओट्याशी गेल्यावर तिला व्हिनेगरची बाटली दिसली. कालच आणलेली, नवी. झाकणाभोवतीचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. जुनी बाटली संपली म्हणून तिनं सकाळीच कचऱ्यात टाकली होती. मग तिला सगळं आठवलं. मोहरी फेसून झाली, मीठ घातलं आणि नव्या बाटलीकडे हात जाणार इतक्यात लेकीचा फोन आला. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून बोलता बोलता तिनं वाटीत विसळणीचं पाणी घातलं होतं, आणि लेक काय सांगतेय ते ऐकत तेलाचे थेंब सोडत राहिली होती. मिळून आलं होतं चांगलं, दाट, पिवळसर, काट्याला धरून राहणारं. पण त्यात आंबट म्हणून एक थेंब नव्हता. जग भरून वाहायला लागला तरी ती नळाखाली धरूनच उभी होती. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं तेव्हा तिनं नळ बंद केला. परत येऊन बसली, एक पान उचलून तोंडात घातलं. तेल, मीठ आणि मोहरीचा कडवट झणका. बाकी सगळं मुकं. तिनं मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता. ताटलीकडे नाही, वाटीकडे नाही. तिच्या गालांकडे, ओठांच्या कोपऱ्यांकडे, पाठ केलेलं विसरलेल्या मुलानं शेजाऱ्याच्या वहीकडे बघावं तसा.

तिनं आणखी एक पान तोंडात घातलं. ते चावता चावता तिला कळलं की आपल्याला आनंद होतोय.

शहराबाहेर सॉस आणि व्हिनेगरचा मोठा कारखाना होता. तो तिथं चव-विभागाचा प्रमुख होता. कुठलीही नवी बाटली बाजारात जायची ती त्याच्या जिभेवरून जायची. पाठीमागे सगळे त्याला 'जीभ'च म्हणत. 'जीभ आज रजेवर आहे', 'जीभ भडकलीय', असं. निवृत्त झाल्यावरही कारखान्याची गाडी दर बुधवारी त्याला न्यायला यायची. आदल्या दिवशी तो कांदा खात नसे, सकाळी दात नुसत्या पाण्यानं घासायचा आणि गाडीत बसताना ड्रायव्हरला सांगायचा की ते अत्तर आधी पुसून ये. घरातही जीभ हीच कर्ती. भाजी, पाव, चहा, सगळ्यांना तिच्यापुढे हजेरी द्यावी लागायची, पण खरी परीक्षा सॅलडवरच्या मोहरीच्या ड्रेसिंगची. त्याच्या मते ते ज्याला जमलं त्याला सगळं जमलं. चार जिन्नस असतात, कुणाच्या आड कुणाला लपता येत नाही.

ती स्वतः एका चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत उजेडाचा फळा, त्यावर वरून खाली लहान होत जाणारी अक्षरं. इतक्या वर्षांत तिला एक जात नीट ओळखता यायला लागली होती. अक्षरं पाठ करून आलेली माणसं. बाहेर बाकावर बसल्या बसल्या ती आधीच्या माणसाचं ऐकून घेतात. कुणी ड्रायव्हर असतो, त्याचं पोट त्या फळ्यावर असतं. कुणी म्हातारी असते, तिला सुनेवर ओझं व्हायचं नसतं. खरं दिसणारा माणूस अडखळतो, डोळे बारीक करतो, 'हे तीन की आठ?' असं विचारतो. पाठ करून आलेला धडाधड म्हणत जातो, आणि म्हणताना फळ्याकडे बघत नाही, तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. ती काही बोलायची नाही. हळूच बटण दाबून फळा बदलायची, आणि समोरचा गप्प झाला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. दुकानात सगळे म्हणत, बाई फार मायाळू आहेत.

त्या दुपारी भांडी घासताना ती मागे मागे जात राहिली. त्याचं बोलणं गेले काही महिने धडाधड झालं होतं. 'व्हिनेगर पुढे आलंय', 'तेल जड आहे', 'मीठ मागे राहिलंय', अशी तीन-चार वाक्यं, आळीपाळीनं. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी तो पान जिभेवर ठेवून थांबायचा, आणि त्या थांबण्यात तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यानं तिला हे ड्रेसिंग शिकवलं होतं. तिच्यामागे उभा राहून, तिचं मनगट धरून. मोहरी आधी भिजव. मग फेस, झणका नाकात चढेपर्यंत. आता व्हिनेगर, आता मीठ. तेल धारेनं नाही, थेंबानं. धीर नसलेल्या बाईच्या हातचं फाटतं. तेव्हा त्याचा श्वास तिच्या मानेवर होता आणि मनगट इतकं घट्ट धरलेलं होतं की बोटं बधिर झाली होती, आणि ती नवी नवरी होती, तिला ते प्रेम वाटलं होतं. नंतर तिला कळलं की तो बाटल्याही तशाच घट्ट धरतो.

एक जेवण मात्र कितीही भांडी घासली तरी निघत नव्हतं. त्याचे साहेब जेवायला आले होते, आणि तिची आईही. आईचं त्या घरातलं ते पहिलंच जेवण. आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. तिला लेकीच्या हातचं आवडलं होतं, बाकी काही कळत नव्हतं. त्यानं एक घास घेतला, थांबला, उठला आणि टेबलाभोवती फिरून एकेकाच्या पुढची ताटली उचलायला लागला. "माफ करा, हे खाण्यासारखं नाही," असं हसून म्हणत. साहेबांनी हात मागे घेतला. आईला कळलंच नाही. तिचा काटा ताटलीतच होता, तोंडात घास होता, आणि त्यानं ताटली ओढली तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं ती क्षणभर धरून ठेवली होती. नंतर सोडली. तोंडातला घास गिळावा की काढावा हे न कळून आई तशीच बसून राहिली, गाल फुगलेला. त्यानंतर आई पुष्कळदा आली, पण जेवली कधी नाही. "मी खाऊनच निघाले गं," म्हणायची. शेवटच्या आजारात चार दिवस ठेवून घेतलं, तेव्हासुद्धा पिशवीत बिस्किटं घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मिठाऐवजी साखर घातली. वाटी त्याच्यापुढे सरकवली. तिनं स्वतः एक पान खाल्लं आणि चेहरा होता तसाच ठेवला. त्यानं खाल्लं. तिच्याकडे बघितलं. "आज जमलंय," तो म्हणाला. त्या 'जमलंय'साठी तिनं आयुष्यातली चांगली वर्षं घालवली होती, आणि ते असं साखरेवर मिळालं. हसू की रडू आवरण्यासाठी तिनं रुमाल तोंडाशी धरला, त्यानं ते बघितलं आणि लगेच म्हणाला, "पण शेवटाला जरा झोंबतंय." तेव्हा तिला पुरतं कळलं. चव तिच्या चेहऱ्यावर होती आणि तो तिथून उचलत होता.

हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला होता, त्यातच वास आणि चव गेली असणार. आता एकेक आठवत होतं. दूध करपून घरभर धूर झाला तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसला होता. त्यानं चहात साखर आहे का हे विचारणं सोडलं होतं. चमचा कपाच्या तळाशी घासून आवाज ऐकायचा. आणि रोज म्हणायचा, मोहरी वाढव, अजून वाढव. त्याचं कारण तिला एका सकाळी कळलं. दुकानात निघाली होती, छत्री राहिली म्हणून जिन्यातून परत आली, तर कोठीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. तो आत उभा होता. बरण्यांची झाकणं काढून ओळीनं ठेवलेली. एकेक बरणी उचलून नाक आत घालायचा, डोळे मिटायचा, वाट बघायचा आणि खाली ठेवायचा. कॉफी. लसूण. व्हिनेगर. कपडे धुण्याचा साबणसुद्धा त्यानं आणून ठेवला होता. शेवटी फेसलेल्या मोहरीची वाटी घेतली, बोटभर मोहरी जिभेवर ठेवली आणि टाळूला चोळली. त्याचा चेहरा पिळवटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तो हसला. झणका ही काही चव नव्हे, ती एक इजा आहे. पण तेवढीच त्याला पोचत होती. बंद घरात एकच घंटा वाजावी तशी ती आत वाजत असावी, आणि तो ती पुन्हा पुन्हा वाजवून बघत होता. दाराच्या फटीतून बघताना तिचा हात आपोआप वर आला, दुकानात लोकांच्या खांद्यावर जातो तसा. मग तिला आईचा फुगलेला गाल दिसला. ती छत्री न घेताच जिना उतरली.

त्या आठवड्यात तिनं मोहरी बंद केली.

हे काम सोपं नव्हतं, डोळ्यांत तेल घालून करावं लागलं. अंड्याच्या बलकावर तेल मिळवायचं, दाटपणा तोच आला पाहिजे. पिवळा रंग चिमूटभर टाकायचा. वर देखाव्यापुरते मोहरीचे दोन-चार दाणे. पहिल्या दिवशी त्यानं मोठा घास घेतला आणि डोळे मिटून थांबला. काहीच आलं नाही. दुसरा घास. काही नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या. हाही दरवाजा बंद झाला असं त्याला वाटत होतं, हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की जणू मोठ्या अक्षरांची ओळ वाचावी. विचारायची सोय नव्हती. 'मोहरी घातलीस ना?' हे विचारलं की सगळंच बाहेर आलं. तो तिच्याकडे बघायला लागला. तिनं घास घेतला, नाक आकसलं, श्वास ओढला, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "आज फारच झणझणीत झालीय नाही? माझ्या तर मेंदूत गेली." त्यानं खिशातून रुमाल काढला. "हो ना," तो म्हणाला, "पार डोळ्यांतून पाणी काढलंस." आणि आपले कोरडे ठक्क डोळे त्यानं सावकाश पुसले, आधी एक, मग दुसरा. तिनंही पुसले. दोघं समोरासमोर बसून डोळे पुसत होती आणि खिडकीतून दुपारचं ऊन काचेच्या वाटीवर पडलं होतं. इतकी गाढ झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती, जितकी त्या दिवशी जेवणानंतर लागली.

तो वाळत चालला. कोठीच्या खोलीतली फेसलेली मोहरी तिनं आधीच हलवली होती. म्हणाली, दुकानात एकीला दिली, उद्या नवी करते. कुठलाही उद्या तसा उगवला नाही. बुधवारी मात्र तो गाडीतून जात होता, तिथं काय करत होता देव जाणे. बहुतेक तिथंही कुणाच्या तरी तोंडाकडे बघत असणार. घरी लेकीचा फोन आला की ती म्हणायची, बाबा मजेत आहेत. लेक 'बरं' म्हणून विषय बदलायची. लहानपणी तो तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि चमच्यानं काहीबाही भरवायचा. 'काय आहे सांग. नीट. विचार कर.' चुकलं की पुढचं ताट मागे. उपाशी जीभ लवकर शिकते, म्हणायचा. लेक शिकली नाही. घर सोडल्यापासून ती डब्यातलं थंड खायची, उभ्या उभ्या, चमचासुद्धा न घेता, आणि हे आईला मोठ्या अभिमानानं सांगायची. घरी यायची वेळ आली की तिला काहीतरी काम निघायचं.

मग त्याच्या जागी आलेले धाकटे साहेब बायकोला घेऊन जेवायला आले. दुपारचंच जेवण. धाकटे साहेब त्याच्या हाताखाली शिकलेले. प्रमुख झाले तरी त्याला 'सर' म्हणत आणि त्याच्यापुढे खुर्चीच्या टोकावर बसत. लग्न नवं होतं. बायको हसरी, चेष्टेखोर, घरभर कौतुकानं बघणारी. कारखाना मोहरीचं ड्रेसिंग बाटलीत भरून विकायला काढणार होता. साहेबांनी पिशवीतून तीन बाटल्या काढल्या. एकीवरही चिठ्ठी नव्हती.

"सर, यातली एक मुद्दाम बिघडवलेली आहे. उन्हात ठेवून तेल पार खवट करून टाकलंय. तुम्हाला झाकण उघडल्याबरोबर कळेल, चाखायचंही कारण नाही. पण हिचा विश्वासच बसत नाही. म्हटलं, चल, प्रत्यक्षच बघ."

"अरे, मी आता म्हातारा झालो," तो हसून म्हणाला. "आणि आज जरा सर्दीही वाटतेय."

"कालपर्यंत तर नव्हती सर्दी," ती स्वयंपाकघरातून ताटल्या आणता आणता म्हणाली. "घ्या ना. एवढ्या हौसेनं आलीत दोघं. तुम्हाला त्यात काय अवघड आहे?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणी होती, आणि आपण कुणाला विनवतो आहोत हे त्याला माहीत नव्हतं. "बरं," तो म्हणाला. "पण हीसुद्धा चाखेल माझ्याबरोबर. मीच शिकवलंय तिला." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "तिची जीभ म्हणजे माझीच समजा."

तिनं चारही जणांच्या पुढे तीन-तीन पानं मांडली, प्रत्येक पानावर एकेका बाटलीतला चमचा. तो आणि ती समोरासमोर. पहिलं पान. उत्तम होतं, कुणीतरी मन लावून केलेलं. तिनं नाकपुडी किंचित उचलली, इतकी किंचित की पाहुण्यांना दिसू नये. दुसरं पान, तेही चांगलं. चेहरा कोरा. तिसरं पान तोंडाजवळ आणतानाच जुन्या कपाटाचा, वाळलेल्या रंगाच्या डब्याचा वास आला. पाहुणीनं तर ताटलीवरून नाक फिरवून पान तसंच ठेवलं होतं. तिनं मात्र आपलं पान तोंडात घालून चावलं. सावकाश चावलं. तिनं डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि नाकातून एक लांब, समाधानी श्वास जाऊ दिला. त्या मिटलेल्या डोळ्यांआड तिला काहीही दिसत नव्हतं, आईसुद्धा नाही. तिथं फक्त ती होती आणि तिला आपला चेहरा आतून हातमोज्यासारखा जाणवत होता, बोट न् बोट बरोबर बसलेला.

डोळे उघडले तेव्हा तो बोलायला लागला होता. किती दिवसांनी त्याचा आवाज असा भरून आला होता. "पहिली बाटली," तो म्हणाला, "बिघडलेली. झाकून ठेवा ती. दुसरी ठीक आहे, पोटभरीची आहे, लोक घेतील. पण तिसरी..." तो थांबला, पूर्वीचं ते थांबणं. "तिसरीत धीर आहे. तेल कसं थेंबाथेंबानं गेलंय बघ. आंबट पुढे येत नाही, मागूनही ढकलत नाही, बरोबर चालतं. हे ज्यानं केलं त्याला माझ्याकडे घेऊन ये. मला त्याचा हात बघायचाय."

मग पाहुणी खळखळून हसली. "सर गंमत करताहेत ना?"

धाकट्या साहेबांचा चेहरा पडला होता, पण ते पटकन सावरले. "हो," ते म्हणाले, "सर गंमतच करताहेत." ते असं म्हणाले की जणू पडणाऱ्याला हात द्यावा, आणि तो हात धरून उठता आलं असतं. तेही हसले असते, तोही हसला असता, जेवण पुढे गेलं असतं. तिनं पाण्याचा जग उचलला.

"चवीच्या बाबतीत," तो ताठ बसत म्हणाला, "मी गंमत करत नाही. मी तुला एवढंच शिकवलं होतं."

"हो सर," साहेब म्हणाले. "अगदी बरोबर, सर." आणि त्यांनी आपलं तिसरं पान उचलून खाल्लं. सगळं खाल्लं, मान खाली घालून. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. तिनं काही म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी टेबलाखाली तिचा हात दाबला असावा, कारण ती एकदम गप्प झाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या गप्प होण्यातून त्याला कळलं. चेहरे वाचायची त्याला आता चांगली सवय झाली होती. त्यानं साहेबांचा चेहरा वाचला, पाहुणीचा वाचला आणि सर्वांत शेवटी आपल्या बायकोकडे वळला. ती त्याच्या ग्लासात पाणी ओतत होती.

पाहुणे गेल्यावर ती भांडी गोळा करायला लागली. तो जागेवरून उठला नव्हता. तो ओरडेल, वाटी फेकेल, अशी तिनं तयारी ठेवली होती; त्या ओरडण्याला द्यायची उत्तरं तिच्या तोंडात रांग लावून उभी होती.

"तू डोळे मिटलेस," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"झाले बरेच दिवस."

त्यानं टेबलावरच्या तेलाच्या डागावर बोट फिरवलं. "फार छान मिटलेस," तो म्हणाला. "जराही जास्त नाही." असं निखळ कौतुक त्यानं तिच्या कुठल्याच गोष्टीचं कधी केलं नव्हतं. तोंडातली उत्तरं तशीच राहिली आणि नंतर कधी कामाला आली नाहीत.

बुधवारी गाडी आली नाही. तिला वाटलं, आता हा खाटेला खिळणार. ती दुकानातून मुद्दाम लवकर घरी आली, बघायला. तर तो खालच्या बाकावर शेजाऱ्यांच्या घोळक्यात बसला होता आणि सगळे पोट धरून हसत होते. "तिसरीत धीर आहे म्हणे मी! धीर!" तो स्वतःचीच नक्कल करत होता. "आणि आमची बाई समोर अशी डोळे मिटून. नाटकात असती तर बक्षिसं मिळवली असती." त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. ताप, बरण्या, कोरडे डोळे पुसणं, सगळं. मोहरीचंही त्यानं मागाहून ओळखलं होतं. ज्या गोष्टीच्या ओझ्याखाली तो वाकला होता ती त्यानं खाली ठेवली आणि त्याची पाठ सरळ झाली. कुणी विचारलं, काय खाणार, तर म्हणायचा, "काहीही वाढा हो, मला भुसा चालतो." शेजारणी त्याला कुरकुरीत काही केलं की आणून द्यायला लागल्या. दातांना तरी कळू दे बिचाऱ्याला. धाकटे साहेब येऊन त्याच्या पायाशी बसून गेले. आणि तिच्याशी जिन्यात बोलताना बायका एक पायरी मागे उभ्या राहायला लागल्या.

लेक आली. फोन न करता, मोठी बॅग घेऊन आली. त्यानं तिला शेजारी बसवून सगळी गोष्ट ऐकवली, आणि लेक हसता हसता रडली, त्याचे हात हातात घेतले. मग स्वयंपाकघरात आली.

"आई, आजारी माणसाला तू हे असलं खायला घातलंस? मोहरीसुद्धा काढून घेतलीस? एवढी एकच गोष्ट कळत होती त्यांना."

"तुझ्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे ते," ती म्हणाली. "आजीची ताटली..."

"ते किती वर्षांपूर्वीचं! आणि ते काही लपूनछपून करत नव्हते." लेकीनं ओढणीनं नाक पुसलं. "तू मला दर रविवारी सांगत होतीस, बाबा मजेत आहेत."

तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सांगायला लागणारा चेहरा कुठला, हे तिला आठवेना. तिनं एक लावून बघितला, दुसरा लावून बघितला. लेक तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"तू बाजूला हो," लेक म्हणाली. "आज मी करते."

तिनं भिंतीशी उभं राहून बघितलं. जन्मात स्वयंपाकघरात न शिरलेली पोर. मोहरी फेसताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ती हसत फेसत राहिली. व्हिनेगर ओतलं ते अंदाजानं. तेल धारेनं ओतलं, मधेच थांबली, पुन्हा ओतलं. फाटायलाच हवं होतं. पण मिळून आलं. ते का मिळून आलं हे त्या घरातल्या कुणालाच सांगता आलं नसतं. लेकीनं त्याच्यापुढे वाढलं, आईपुढे वाढलं, आणि त्यानं पहिला घास घेतला. झणका लागला, डोळ्यांतून खरं पाणी आलं आणि तो मुलासारखा हसला. "पोचली," तो म्हणाला. "मोहरी पोचली. बाकीचं तुझ्या आईला विचार, मला काय कळतंय."

"कसं झालंय गं, आई?" लेकीनं विचारलं. विचारताना तिनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते, लहानपणी रुमाल सुटायची वाट बघताना घ्यायची तसे.

तिनं पान तोंडात घातलं. आंबट आलं, मागून मीठ आलं, मग तेलाचा मऊपणा, आणि मग मोहरी नाकातून वर चढत गेली आणि तिच्या डोळ्यांत तिला न विचारता पाणी आलं. तीस-एक वर्षं रोज करून तिच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं. तिचा चेहरा तिच्या हातातून सुटला. चेहरा आता काय करतोय, कसा दिसतोय, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं तो तसाच राहू दिला.

"छान झालंय," ती म्हणाली. "खरंच. माझ्यापेक्षा कितीतरी छान."

लेकीचा चेहरा उजळायला लागला. नवरा मात्र समोरून बायकोच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, डोळ्यांतल्या पाण्याकडे, सैल पडलेल्या ओठांकडे. सावकाश, एकही ओळ न गाळता. त्याला पानावरचं काही कळत नव्हतं, पण ती खरं बोलतेय हे त्याला कळलं होतं. आणि आपल्याला कळलंय हे तिलाही दिसेल इतका वेळ तो थांबला.

"खोटं बोलतेय," तो लेकीला म्हणाला, अगदी मायेनं.

लेकीचे हात टेबलाखालीच राहिले. "अगं, खरंच सांगते," ती म्हणाली, "तूच खाऊन बघ ना, तूच..." पण लेकीची जीभ कधी शिकलीच नव्हती. लेकीनं एक पान खाल्लं, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि काटा खाली ठेवला.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "आज तरी खरं बोलायचं होतंस."

त्यानं ताटलीतलं उरलेलं सगळं पानानं निपटून खाल्लं, एकदाही बायकोच्या तोंडाकडे न बघता.